घड्याळबाईंच्या घरातला उशीर

वॉर्डात त्यांना तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘घड्याळबाई’. त्यांना दोन्ही माहीत होतं आणि दोन्ही चालत होतं. पुरुषांच्या वॉर्डाच्या त्या प्रमुख परिचारिका. पाळी सात वाजता बदलायची, पण बाई त्याआधीच येऊन औषधांचं कपाट पुसत असायच्या.

उशिरा येणाऱ्यावर त्या कधी ओरडल्या नाहीत. कारणही विचारत नसत. “कारण विचारलं की माणूस ते छान रचून आणतो, उद्यासाठीही एक शिल्लक ठेवतो,” असं म्हणायच्या. आठवड्याच्या बैठकीला डॉक्टर नेहमी उशिरा यायचे, म्हणून बाईंनी बैठक सुरू होताच रिकाम्या खुर्च्या उचलायला लावल्या. डॉक्टर दोनदा उभे राहिले, तिसऱ्यांदा सगळ्यांच्या आधी येऊन बसले. वॉर्डबॉय उशिरा आला तर त्या दिवशीची सगळी बेडपॅन त्याच्या वाट्याला. तोही आठवड्याभरात सुतासारखा सरळ झाला.

सरळ होत नव्हती ती एकच, त्यांची स्वतःची धाकटी जाऊ. ती त्याच वॉर्डात दिवसपाळीला होती. एकाच घरातून, एकाच रस्त्याने यायचं, पण बाई पुढे आणि ही कायम मागे. येताना धापा टाकत, केस ओले, टोपी हातात.

“आल्या का सिस्टर?” खिडकीजवळचे आजोबा म्हणायचे. “मला वाटलं, मी बरा होऊन घरी गेल्यावरच भेट होणार.”

वॉर्ड हसायचा. हसत नव्हती ती रात्रपाळीची चिमणी. अंगाने एवढीशी, म्हणून चिमणी. नियम असा की येणारीने खाटेखाटेशी जाऊन चार्ज घ्यायचा. कोणाला ताप आहे, कोणाचं सलाइन संपत आलंय, कोणी रात्रभर कण्हलंय, सगळं ऐकून औषधांच्या कपाटाची किल्ली हातात घ्यायची. तोवर जाणारीने हलायचं नाही. म्हणजे उशीर धाकटीचा आणि शिक्षा चिमणीला.

एका सकाळी चिमणी बाईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“बाई, मी या महिन्यानंतर येणार नाही.”

“का गं?”

“रात्री लेकीला शेजारच्या काकूंकडे ठेवते. त्यांनाही कामावर जायचं असतं. काल त्या म्हणाल्या, बये, तुझ्यापायी माझी नोकरी जाईल. त्यांचं काय चुकलं सांगा.” तिने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून उघडले. “तुमच्या जाऊबाई आहेत, म्हणून इतके दिवस बोलले नाही.”

हे शेवटचं वाक्य बाईंना झोंबलं. चिमणीसारखी मुलगी त्यांना हातची जाऊ द्यायची नव्हती. त्याच दुपारी त्यांनी जावेला कपड्यांच्या खोलीत गाठलं.

“चिमणी नोकरी सोडतेय, तुझ्यामुळे. परवापासून वेळेवर यायचं, नाहीतर मी तुझी बदली मागते. जाऊबिऊ काही बघणार नाही.”

धाकटी चादरींच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत.

“ताई, तुम्ही निघता तेव्हा घर झोपलेलं असतं. मी निघते तेव्हा ते उठतं.”

“म्हणजे काय?”

“उद्या तुमची सुट्टी आहे ना? अंथरुणातच पडून राहा. नुसतं ऐका.”

बाईंनी ऐकलं. दार लोटलेलं, डोळे मिटलेले. धाकटी पहाटेच सगळं आवरून बसली होती. पोळ्या झाल्या, डबे भरले, चपला पायात गेल्या, तेवढ्यात सासूबाईंची हाक आली, “सूनबाई, जरा पाणी कोमट करून दे गं.” चपला निघाल्या. मग दीर, “जरा चहा टाक ना, मघाचा गार झाला.” मग बाईंचाच कॉलेजातला मुलगा, “काकू, शर्टाला जरा इस्त्री!” चपला पुन्हा चढल्या, पुन्हा निघाल्या. शेवटी बाईंच्याच नवऱ्याचा आवाज आला, “अगं, जाता जाता जरा माझा चष्मा बघतेस का?”

चष्मा उशाशी होता. बाईंच्या हातभर अंतरावर.

कोणी मोठं काही मागत नव्हतं. सगळ्यांचं आपलं ‘जरा’. आयुष्यभर आपण या ‘जरा’च्या आधी घराबाहेर पडलो आणि वेळेच्या पक्क्या ठरलो, हे बाईंना पडल्या पडल्या कळलं. त्यांना राग आला, आणि रागावल्या की त्या कामाला लागत. पहिल्यांदा वाटलं, उद्यापासून यातलं निम्मं आपण करावं. मग वाटलं, छे, म्हणजे एकीच्या जागी दोघी उशिरा.

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. दीर हात पुसत उशिरा आले. स्टूल उचललेलं होतं. ते उभे राहिले.

“उद्यापासून या घरात चार्ज द्यायचा,” बाई म्हणाल्या. “आम्ही दोघी एकदम निघणार. त्याआधी तुम्ही दोघा भावांनी उठून इथे यायचं. दूध कुठे, आईंच्या गोळ्या कुठल्या, डबा कोणाचा, सगळं ही सांगेल. घेणारा हजर नसला तरी आम्ही निघणार.”

“अगं, मला धड चहा येत नाही,” नवरा म्हणाला.

“वॉर्डात पहिल्या दिवशी कोणालाच काही येत नाही.”

“आणि माझी इस्त्री?” मुलगा.

“तुझी इस्त्री, तुझा हात.”

“पुरुषांना भल्या पहाटे उठवायचं?” सासूबाई म्हणाल्या.

“भली पहाट आमच्यासाठी असते, आई. ते उठतील तेव्हा चांगलं उजाडलेलं असेल.”

सासूबाई पदराआड हसल्या की खोकल्या, ते कळलं नाही.

सकाळी नवरा चष्मा लावून ओट्याशी उभा होता, दीर डोळे चोळत. धाकटीने एकेक दाखवलं, अगदी खाटेखाटेशी नेल्यासारखं. दोघी जिना उतरतात तोच वरून दीर ओरडले, “अगं, दूध उतू गेलं!” धाकटी वळली. बाईंनी तिचं कोपर धरलं.

“मागे फिरायचं नाही. उतू गेलेलं दूध भावजींना पुसता येतं.”

वॉर्डात शिरल्या तेव्हा चिमणी शेवटच्या खाटेशी होती. तिने आधी धाकटीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. घड्याळ पुढे तर नाही ना, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

“अरेच्चा! आज माझं घड्याळ बिघडलं वाटतं,” आजोबा म्हणाले.

“तुमचं तोंड चालू आहे ना, आजोबा, मग झालं,” धाकटी म्हणाली आणि चिमणीबरोबर पहिल्या खाटेपासून निघाली. शेवटच्या खाटेशी किल्ली हातात घेते न घेते तोच तिचा फोन वाजला. नवऱ्याचा. आवाज बाईंपर्यंत आला, “साखर कुठे ठेवलीय?”

धाकटी सांगायला तोंड उघडणार, तोच बाईंनी हात पुढे केला, फोन घेतला आणि बंद करून एप्रनच्या खिशात टाकला.

“चार्ज दिलाय ना? मग शोधू दे.”

चिमणी अजून दारात घुटमळत होती. “बाई, ते परवा मी महिन्याचं बोलले होते ना...”

“तू अजून इथेच?” बाई म्हणाल्या. “तुझ्या काकू खोळंबल्या असतील. पळ.”

चिमणी पळाली.