मध्यंतरानंतरचे सिनेमे

काकूला वाघानं नेलं तेव्हा मी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर मोह वेचत होते.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं त्या कडेला. उन्हाळा लागला आणि मोहफुलं गळू लागली की पहाट फुटायच्या बेताला अर्धं गाव टोपल्या घेऊन झाडांखाली असायचं. काकू म्हणजे माझ्या बाबांच्या धाकट्या भावाची बायको. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी तिच्याच मागे मागे वाढले. त्या सकाळी ती मला म्हणाली, "तू या झाडाखाली वेच, मी त्या झाडाखाली जातो." मी खाली वाकले. थोड्या वेळानं कोणीतरी जोरात खोकल्यासारखा आवाज आला. मी मान वर केली तेव्हा त्या झाडाखाली टोपली होती आणि काकू नव्हती.

किंचाळी अशी नव्हतीच. त्याच गोष्टीनं मला पुढं सगळ्यात जास्त छळलं.

माणसं कुऱ्हाडी घेऊन गेली, दुपारी परत आली. मला काही पाहू दिलं नाही. वनखात्याची जीप येऊन गेली. म्हातारी माणसं अंगणात बसून बोलत होती की वाकलेला माणूस वाघाला माणूस दिसतच नाही, चार पायांचं जनावर दिसतो. ते वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. मी वाकायचंच सोडून दिलं. अंगण झाडायची नाही, चूल पेटवायची नाही, विहिरीवर पाण्याचा गुंड भरायला खाली झुकायची नाही. सकाळी बायकांबरोबर बाहेर जायचं म्हटलं तरी मी आईचा पदर सोडायची नाही. शाळा शेजारच्या गावात होती आणि वाट जंगलातून, नाला ओलांडून. मी नववीत होते. शाळा सुटली ती सुटलीच.

आई पहिल्यांदा समजावायची, मग चिडायची, मग गप्प झाली. काका तर कोणाशीच बोलायचा नाही. सकाळी कुऱ्हाड घेऊन निघायचा आणि अंधार पडायच्या आधी यायचा. कुठं जातो ते कोणी विचारलं नाही.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात दादाचं लग्न झालं. विहारात पंचशील झालं, जेवणं झाली आणि वहिनी घरात आली. ती वडसा या मोठ्या गावची. तिचे बाबा तांदळाच्या मिलमध्ये हमाल आणि आई टॉकीजमध्ये झाडू मारायची. आंदणात भांड्यांबरोबर तिनं एक ट्रान्झिस्टर आणला होता, कातडी पट्ट्याचा. गावातल्या बायका तिला महिनाभरात 'टाकीजवाली' म्हणू लागल्या. तिला त्याचं काही वाटत नसे.

"माय झाडू मारे ना बाई, मंग मले फुकट सोडत," ती मला सांगायची. आमच्याकडे भावजय नणंदेला बाई म्हणते, नणंद वयानं लहान असली तरी. "पण पह्यलेपासून नाई. इंटरव्हल झाल्यावर खुर्ची रिकामी दिसली तरच. म्या आजवर एकबी सिनेमा पुरा नाई पाह्यला. समदे अर्धेच."

"मग समजायचं कसं?"

"काय समजा लागते? अर्ध्यात लोक रडून राह्यले राह्यते. काऊन रडते ते मले माहीत नाई. पण मंग उठते. म्या त उठतानाच पाह्यलं हाय सगळ्याईले."

मी नुसतं ऐकून घ्यायची. रडण्याचं कारण मला माहीत होतं, उठण्याचं नव्हतं.

वहिनीनं ट्रान्झिस्टर खुंटीला टांगला आणि सकाळ-दुपार गाणी लावायला सुरुवात केली. ती स्वतःही गायची. आवाज गोड नव्हता, पण भरदार होता. तिसऱ्या की चौथ्या दिवशी काका बांधीवरून परत आला तेव्हा एक नाचाचं गाणं चालू होतं. तो ओसरीत उभा राहिला. मग खुंटीजवळ गेला आणि त्यानं रेडिओचं बटण इतक्या जोरात फिरवलं की ते त्याच्या हातात आलं.

"ह्या घरात माणूस मेला हाय," तो म्हणाला. "तुमाले गाणे सुचते?"

आई चुलीकडे तोंड करून बसली. वहिनी उठली, त्याच्या समोर गेली आणि डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "काकाजी, गेली ते तुमची होती, म्या काही बोलत नाई. पण हे पोरगी जित्ती हाय. हिच्यासाठी लावून राह्यलो."

काकानं माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं असेल. मग ते बटण खाटेवर टाकून तो निघून गेला. वहिनीनं ते पुन्हा दाबून बसवलं. त्यानंतर तो घरात असला की वहिनी रेडिओ लावायची नाही आणि रेडिओ चालू असला की तो घरात यायचा नाही. एका छपराखाली आम्ही असे ताणून राहत होतो. दादा दोघांच्या मध्ये सापडलेला. तो वहिनीला म्हणायचा, "कायले आगीत तेल टाकतं?" ती उत्तर द्यायची नाही, सेल काढून उन्हात ठेवायची. तेव्हा संपलेले सेल उन्हात तापवले की आणखी थोडे चालायचे.

दुपारी सगळे शेतावर गेले की ती मला बाहेर काढायची. पहिल्यांदा कुंपणापर्यंत. मग विहिरीपर्यंत. मग गावाच्या तलावाच्या पाळीवर, जिथं ढिवरांची जाळी वाळत असायची. ट्रान्झिस्टर तिच्या खांद्याला आणि माझा हात तिच्या हातात. "गाण्यात लक्ष ठेव," ती म्हणायची. "हे कडवं सरेपर्यंत चालू. मंग वापस." कडवं संपलं की आम्ही खरंच परत यायचो. तिनं मला कधी फसवलं नाही. दुसरं कडवं सुरू झालं म्हणून पुढं ओढलं नाही. म्हणूनच एके दिवशी मीच म्हणाले, "अजून एक कडवं."

तिनं मला उभं राहायलाही शिकवलं. हे ऐकून हसू येईल. सिनेमातली बाई संकटात कशी उभी राहते ते ती अंगणात करून दाखवायची. पाय रोवून, खांदे मागे, हनुवटी वर. "पाह्य, वाकत नाई ते. रडते, पण वाकत नाई." मी तिच्यासारखी उभी राहायची आणि मला लाज वाटायची. पण तशी उभी राहिले की श्वास छातीत खोलवर जायचा, हे मात्र खरं.

उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचे दिवस आले. त्या दिवसांत गावात कोणी घरी बसत नाही. तशात आईला ताप भरला. वहिनी मला म्हणाली, "बाई, चलतं का? पंधरावीस बाया हाये. मी सोडत नाई तुले."

मी हो म्हणाले. का म्हणाले ते आजही नीट सांगता येत नाही. कदाचित आईला अंथरुणात पाहून. गावाबाहेर पडेपर्यंत मात्र मी तिचा हात सोडला नाही.

जंगलात शिरल्यावर बायका हळूहळू पांगल्या. तेंदूची झुडपं कमरेएवढी, पानं तोडायला वाकावंच लागतं. वहिनीनं ट्रान्झिस्टर एका फांदीला टांगला. सकाळचा गाण्यांचा कार्यक्रम चालू होता. मी एक पान तोडायची आणि सरळ व्हायची, एक तोडायची आणि सरळ व्हायची. वहिनी मला हसत नव्हती. माझ्या ओटीत पानं जमत गेली. ऊन चढलं. मला वाटलं, जमतंय.

मग गाणं बारीक होत गेलं, खरखरलं आणि बंद पडलं. सेल संपले होते.

त्या शांततेत मला पहिल्यांदा जंगल ऐकू आलं. दूर कुठंतरी बायका बोलत होत्या. त्यांचा आवाज वाटला होता त्यापेक्षा फार लांब होता. बोलता बोलता आम्ही दोघी पुढं आलो होतो. नाल्याच्या बाजूच्या झाडावर एक वानर एकदम खाकरलं. पुन्हा खाकरलं, जनावर दिसलं की खाकरतात तसं. मी वाकलेली होते. हातात पान तसंच होतं.

"बाई," वहिनी म्हणाली. आवाज अगदी साधा, जेवायला बोलावल्यासारखा. "उभी राह्य. हळू. मांगं पाहू नोको."

मी उभी राहिले, आणि वळून पाहिलं. नाल्याच्या पलीकडच्या काठावर, वाळलेल्या गवतात, तो बसलेला होता. गवताच्याच रंगाचा. आधी कान दिसले, मग तोंड. तो आमच्याकडेच पाहत होता. मध्ये फक्त कोरडा नाला, बाकी काही नाही. पळावंसं वाटत होतं आणि मी जागची हलत नव्हते.

वहिनी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. खांद्याला खांदा लावून. पाय रोवून. तिनं तोंड उघडलं आणि ती गाऊ लागली. उमेद सोडू नका असं सांगणारं एक जुनं हिंदी गाणं, रेडिओवर रोज लागायचं ते. पहिली ओळ धड निघालीच नाही. दुसरी निघाली. मग ती ओरडूनच गाऊ लागली, सुराबिराचं काही नाही. तिनं कोपरानं मला ढोसलं. "म्हण," दोन ओळींच्या मध्ये ती म्हणाली. "म्हण व!"

मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. काकू गेल्यापासून मी मोठ्यानं बोललेच नव्हते. आता मी वाघाच्या तोंडावर गाणं म्हणत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गाता गाता आम्ही एक एक पाऊल मागे सरकत होतो. पाठ वळवायची नाही, हे दोघींनाही कळत होतं. तो उठला. शेपूट एकदा हलली. पोटातून एक घुरघुर आली, ती कानांना नाही, तळपायांना ऐकू आली. वहिनीचा हात माझ्या हातात बर्फासारखा गार होता, पण तिचा आवाज चढला. कडवं संपलं. तिनं तेच पुन्हा सुरू केलं.

तो थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिला. मग मान फिरवून, काही घाई नसल्यासारखा, गवतातून वर चढला आणि दिसेनासा झाला.

आमचा आवाज ऐकून बायका ओरडत, डबे वाजवत आल्या. त्या पोचल्या आणि वहिनी मटकन खाली बसली. ती थरथरत होती, दात वाजत होते. तिचं लुगडं ओलं झालं होतं. एका म्हातारीनं स्वतःचा पदर तिच्याभोवती गुंडाळला आणि बाकीच्यांना तोंड फिरवायला सांगितलं.

"मले लय भेव लागलं व," वहिनी पुन्हा पुन्हा म्हणत होती. "लय भेव लागलं."

तिला भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं. मी तिच्याजवळ खाली बसले. ती गात होती तेव्हा, उभी होती तेव्हा, सगळा वेळ तिला माझ्याएवढीच भीती वाटत होती. तोवर मी समजत होते की भीती जाईल तेव्हा मी बाहेर पडेन. ती जायची वाट पाहत मी वर्षभर घरात बसले होते.

गावात ही गोष्ट फिरत गेली तशी मोठी होत गेली. आमच्या गाण्यानं वाघ पळाला, असं लोक सांगू लागले. वहिनी प्रत्येकाला म्हणायची, "त्याचं पोट भरलं असन." दोन दिवसांनी त्याच भागात एक अर्धं खाल्लेलं सांबर सापडलं, तेव्हा तेच खरं असावं. वनखात्यानं काही दिवस पिंजरा लावला, पण वाघ त्यात आला नाही. पुढं त्याचं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

काकाला ही बातमी बांधीवर कळली. तो घरी आला, माझ्यासमोर बसला आणि त्यानं नुसतं विचारलं, "किती दूर होता?" मी सांगितलं. त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं आणि तो मोठ्यानं रडला. काकू गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. वहिनीनं त्याला पाणी आणून दिलं. त्यानं ते घेतलं, पण गाण्यांशी त्याचं शेवटपर्यंत जमलं नाही. रेडिओ लागला की तो उठून जायचाच. फक्त आता जाताना दार आपटायचा नाही.

जून लागला, शाळा उघडली. आई म्हणाली, यंदा राहू दे. मी म्हणाले, जातो. गावातल्या आणखी दोन मुली तयार झाल्या. पहिल्या दिवशी पाहिलं तर काका कुऱ्हाड खांद्यावर टाकून अंगणात उभा. काही न बोलता तो आमच्या पुढं चालू लागला. नाल्याशी पोचल्यावर तो एका दगडावर बसला आणि त्यानं बिडी पेटवली.

"जा," तो म्हणाला. "मी इथीच हाव."

नाल्यात घोट्याएवढं पाणी आलं होतं. माझं काळीज धडधडत होतं, त्या मुलींना ते ऐकू येईल असं वाटण्याइतकं. मी चपला हातात घेतल्या, परकराचा ओचा वर खोचला आणि पाण्यात पाय टाकला. पलीकडे चढून गेल्यावर मी मागे वळून पाहिलं. काका तिथंच बसला होता, आमच्याकडे नाही, जंगलाकडे तोंड करून.