तिसऱ्या नळीबद्दल

डॉ. मनोरमा मुठाळ — हे नाव आधी लिहून टाकतो. माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार यांचे. आईवडिलांचे नाहीत का? आहेतच. पण त्यांनी मला उमरेडच्या हातमागावरून उठवून शाळेत धाडलं, आणि बाईंनी मला नागपुरात उभं केलं. पुढे जे लिहिणार आहे ते बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या बायकोलाही माहीत नाही. एखादी गोष्ट अशी तोंडात धरून माणसाला वर्षानुवर्षं जेवता येतं, बोलता येतं, हसतासुद्धा येतं. मला तरी आलं.

बाईंच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीच्या मुलाखतीत मला इंग्रजीत प्रश्न विचारला होता. उत्तर येत होतं, वाक्य येत नव्हतं. बाकीचे दोघे खिडकीबाहेर बघू लागले. बाई म्हणाल्या, "मराठीत सांगा ना, मला समजतं." तेवढ्यावर माझं आयुष्य वळलं. पुढे रोज दुपारी त्या माझ्याकडून इंग्रजी नियतकालिकाचं एक पान मोठ्यानं वाचून घेत. उच्चार चुकला तर तो सुधारत, पण खोलीत दुसरं कोणी असलं की गप्प राहत. असं कोण करतं?

आमचं काम कुष्ठरोग्यांच्या रक्तावर होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, हे शाळेतही शिकवतात. सत्तरच्या दशकात नवीन बोललं जात होतं ते असं, की त्यांतल्या काही पेशी लढत नाहीत, लढणाऱ्यांना आवरतात. बाई सांगायच्या, "पंगतीत नुसते वाढणारे असून भागत नाही. 'आता पुरे' म्हणणारा एक लागतो." तो नसला तर शरीर स्वतःवरच उठतं, सांधे नि मूत्रपिंडं खाऊ लागतं. आणि त्याचंच जास्त चालू लागलं तर? मग खऱ्या शत्रूवरही कोणी हात उचलत नाही, जंतू निवांत नांदतात. कुष्ठरोगात हेच होत असेल का — हा बाईंचा प्रश्न होता. त्या पेशींना आम्ही आपसांत आवरणाऱ्या पेशी म्हणायचो.

मग सुलोचना रामटेके आली. राहायला जरीपटक्याकडे, वडील गिरणीत. तिच्याही घरात तिच्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मला झाला नाही. मी माझ्या मागाची, कंदिलाची गोष्ट बाईंना फार जपून, एकदाच सांगितली होती, आणि त्यांचा चेहरा मऊ झालेला पाहिला होता. सुलोचना तसलंच सगळं हसत सांगायची. वर बाईंनाच म्हणायची, "बाई, तुमाले एक रोज गिरणीत उभं केलं ना, तर हे मायक्रोस्कोप लोण्यावानी वाटन." आणि बाई खळखळून हसायच्या. माझ्या कुठल्याच बोलण्यावर त्या तशा हसल्या नव्हत्या.

बाई मला अहो म्हणायच्या, वसंतराव म्हणायच्या. तिला — अगं सुलू.

नळीतून थेंब कसा सोडायचा ते तिला मीच शिकवलं. थोड्याच महिन्यांत तिचा हात माझ्यापेक्षा हलका झाला. बाई स्वतःची खुर्ची सोडून तिला मायक्रोस्कोपवर बसवू लागल्या. दुपारचं पान मी वाचत असताना त्यांचं लक्ष तिच्या टेबलाकडे असायचं, आणि मी मुद्दाम चुकीचा उच्चार करून पाहायचो. त्या टोकायच्या नाहीत. कृतज्ञ माणसाला मत्सर होत नाही, असं तुम्हाला वाटतं? मला वाटतं, त्यालाच जास्त होतो. उपकारसुद्धा त्याला एकट्यालाच हवे असतात.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या हाताखाली एक गोष्ट दिसली. रुग्णांच्या पांढऱ्या पेशींमध्ये कुष्ठजंतूंचा अर्क टाकला तर त्या ढिम्म राहत. सुलोचनानं त्यांतल्या एका प्रकारच्या पेशी वेगळ्या काढल्या — आणि उरलेल्या जाग्या झाल्या, फुगल्या, लढाईच्या तयारीला लागल्या. म्हणजे सैन्य दुबळं नव्हतं, कोणीतरी त्याचा हात धरून ठेवला होता. बाई कितीतरी वेळ मायक्रोस्कोपवरून उठल्याच नाहीत.

नंतर त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला बहिणीकडे गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "वसंतराव, हा प्रयोग तुम्ही तुमच्या हातानं परत करा. ती नको, तुम्हीच. तोच निकाल आला तर परिषदेत सुलूच्या नावानं मांडू, आणि तिला पुढच्या शिक्षणाला बाहेर पाठवायचं बघू. तुम्ही लिहाल ते मी धरून चालेन."

तुम्ही लिहाल ते. हा विश्वास होता. मला मात्र त्यात फक्त सुलूचं नाव ऐकू आलं.

आता नागपूरच्या मे महिन्याबद्दल सांगावं लागेल. पेशी शरीराच्या उष्णतेवर ठेवायच्या म्हणून आमच्याकडे एक पेटी होती. तिला फक्त तापवणं यायचं, थंड करणं नाही. बाहेरचं ऊन अंगाच्या तापापेक्षा चढलं की खोली तापायची, खोलीबरोबर पेटी, आणि पेशी आतल्या आत मरायच्या. म्हणून त्या खोलीत खसच्या, म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर होता. त्याच्या टाकीत सकाळी आणि भर दुपारी बादल्यांनी पाणी ओतायचं — हे काम पहिल्या दिवसापासून माझं. सुलोचना भावाच्या लग्नाला निघाली तेव्हा दारातून म्हणाली होती, "भाऊ, कूलरकडे ध्यान ठेवजा. दुपारी टाकी सुकून जाते."

मी विसरलो, असं मी स्वतःला फार वर्षं सांगितलं. विसरलो नव्हतो. पेटीत त्याच प्रयोगाच्या नळ्या होत्या, बादली भरलेली होती. मी ती उचललीसुद्धा. आत कूलरचा पंप कोरडा घरघरत होता, खस वाळली होती, पंख्यातून भट्टीसारखी हवा येत होती. मी बादली खाली ठेवली आणि बाहेर चहाला गेलो. दुसऱ्या दुपारीही गेलो.

अशा प्रयोगात दोन नळ्या पुरत नाहीत. एका नळीत सगळ्या पेशी, दुसरीत आवरणाऱ्या काढून उरलेल्या, दोन्हींत जंतूंचा अर्क. आणि तिसरी असते — तिच्यात राजम्यापासून काढलेलं एक द्रव्य टाकतात. त्यानं लढणाऱ्या पेशी हमखास फुगतात. त्या नळीतल्या फुगल्या नाहीत तर पेशीच बिघडल्या, प्रयोग झालाच नाही, तो टाकून द्यायचा. हे मला बाईंनीच शिकवलं होतं.

माझी तिसरी नळी फुगली नव्हती. मी पाहिलं. काच पुसून परत पाहिलं. मग नळ्या धुऊन टाकल्या आणि पुण्याला पत्र लिहिलं.

सुलोचना लग्नाहून आली, हळदीच्या हातानं. फरक आला नाही, असं मी सांगितलं. ती स्टुलावर बसली.

"काहून नाही आलं भाऊ? राजम्याची नळी कशी होती?"

तिनं नेमकं तेच विचारलं. अजून वेळ गेली नव्हती. पत्रामागून दुसरं पत्र धाडता आलं असतं.

"चांगली फुगली होती," मी म्हणालो.

तिनं पिवळे हात पदराला पुसले. "मंग माहंच चुकलं असन," म्हणाली.

तिनं माझ्यावर संशय घेतला नाही. घेतला असता तर मी भांडलो असतो, कदाचित भांडताना खरं बोलून गेलो असतो. पुन्हा करून बघू म्हणण्याची तिची उमेद राहिली नव्हती, आणि मी काही तिला ती दिली नाही. बाईंनी तो विषय बाजूला ठेवला. परिषदेत काहीच मांडलं गेलं नाही. वर्षभरात सुलोचना भंडाऱ्याला एका कॉलेजात शिकवायला गेली, मी बाईंच्या हाताखाली कायम झालो. बाई लोकांना सांगायच्या, वसंतरावांनी वेळीच सांगितलं म्हणून आमची फजिती टळली.

आता परदेशातच कोणी कोणी म्हणू लागले आहेत, की अशा आवरणाऱ्या पेशी मुळात असतील की नाही याचीच शंका आहे. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं — हेही सांगून टाकतो. पण सुलोचनाचं बरोबर होतं की चूक, हे मला आजही माहीत नाही. माझ्या प्रयोगानं ते विचारलंच नव्हतं.

बाई गेल्या वर्षी वारल्या. त्या पत्राची नक्कल मी ठेवली नाही, लागतही नाही, ते पाठ आहे. बाईंच्या डोळ्यांवर पट्टी होती, त्यांच्या बहीण वाचून दाखवणार होत्या, म्हणून सोपं आणि छोटं लिहिलं होतं.

"आदरणीय बाईंना सा. नमस्कार.

आपल्या सांगण्याप्रमाणे प्रयोग माझ्या हातानं पुन्हा केला. पहिल्या आणि दुसऱ्या नळीत काहीही फरक आढळला नाही. मी काळजीपूर्वक पाहिलं आहे. आपण डोळ्यांना ताण देऊ नये, इकडची चिंता करू नये. सुलोचनाताईंनी फार मेहनत घेतली होती. त्यांच्याकडून चूक झाली असली तरी आपण त्यांना रागावू नये, ही विनंती.

आपला,
वसंत"