चूल एक, हात एक

तुमच्या गोठ्यातलं शेण रोज सकाळी कोण उचलतं? मालकीणबाई उचलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. जी उचलते तिला वर्षाकाठी काय देता, तेवढं सांगा.

उत्तर सुचेपर्यंत मनकर्णाबाईची हकीकत वाचा.

धाड नावाच्या बाजारगावापासून दोन कोसांवर आमचं गाव. मनकर्णाबाईचा नवरा रंगराव हा अर्जुनराव मालकांचा सालदार, म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधलेला गडी. पाडव्याला मालक गड्याला नारळ देत, साल ठरे. त्याच वेळी गड्याच्या बायकोच्या हाती नवा खराटा यायचा. खराटा घेतला की वर्षभर गोठा झाडायचा, शेण काढायचं, उकिरडा वाहायचा. नारळामागे धान्य होतं, खराट्यामागे काही नव्हतं. बाई आजारी पडली तर तिच्या पोरीने झाडायचं. जात विचाराल तर खराटा धरणाऱ्यांत सगळ्याच गरीब जाती होत्या. मनकर्णाबाईने असे चौदा खराटे झिजवले.

महाराष्ट्र राज्य होऊन तिसरं वर्ष होतं. नाल्यापलीकडचं गायरान सरकारने बेघरांना दिलं आणि दिवाळीपर्यंत बावीस घरं उभी राहिली. तोवर मनकर्णाबाईचा संसार मालकाच्या आवारात, बैलांच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून होता. नव्या घरी पहिल्याच दिवशी तिने अंगण दोनदा झाडलं.

शेजारीण जनकाबाई म्हणाली, "अवो, उंदराचं पाऊल नाई उमटलं अजून, काय झाडून राह्यली?"

"आपलं हाये म्हणून झाडून राह्यली."

माघात मालकाचा निरोप आला. यंदा खराटे नाल्यापलीकडे येतील, बावीसच्या बावीस. वस्तीत सालदार होते नऊ. बाकीचे रोजाने जाणारे, त्यांच्या बायकांनी कधी खराटा धरलाच नव्हता. पण मालकाचं म्हणणं एकच, "वस्ती गावची, तं चालही गावची."

गाव फुटलं. ज्यांच्याकडे सालदार होते ते मालकाच्या बाजूला गेले, तुळशीराम माळ्यासारखे बागायतवाले आमच्या, वस्तीच्या, बाजूला आले. तुळशीरामला आमची कीव आली असं समजू नका. त्याला वांगी तोडायला रोजाने बाया हव्या होत्या, आणि मालकाच्या गोठ्यात फुकट राबणारी बाई त्याच्या वाडीत येणार कधी? तो उघड म्हणे, "गावात चालू हाये ते राहू द्या. नाल्याच्या पल्याड नोका नेऊ." हळद लागलेलं एक लग्न मोडलं. होळी दोन ठिकाणी पेटली.

शकील मास्तर धाडहून सायकलीवर येत आणि दुपारी लिंबाखाली बायांना अक्षरं शिकवत. होळीनंतर एक दिवस त्यांनी पाटी खाली ठेवली.

"अमेरिकेत असंच झालं होतं," ते म्हणाले. "दक्षिणेत कापसाच्या शेतात गुलाम. माणूस इकत घ्यायचा, त्याचं लेकरूही मालकाचं. उत्तरेतले बरेच म्हणत, गुलामी हाये तिथं राहू द्या, नव्या मुलखात नोका नेऊ. दक्षिणेचे मालक म्हणत, नव्या मुलखात नाई गेली तं जुन्यातही मरन."

"आपल्या तुळशीरामवाणीच," जनकाबाई म्हणाली. बाया हसल्या.

"मंग कान्सास नावाचा मुलूख आला. ठरलं, तिथल्या लोकाईनंच मतानं ठरवावं. मताच्या दिवशी शेजारच्या मुलखातून हजारो माणसं बंदुका घेऊन आली, मतं टाकली न घरी गेली. तिथून रक्त सांडाले लागलं. सहा वर्सांनी सारा देश आपसात लढला. भावानं भाऊ मारला. सहा लाख मेले."

मनकर्णाबाईने विचारलं, "मोजणाऱ्याले दिसलं नाई का, हे परके हायेत म्हणून?"

"दिसून काय करता, बाई? समोर बंदुका होत्या."

मास्तरांनी सांगितलं नाही ते मी सांगतो. त्या लढाईने तिकडचा कापूस अडला आणि आमच्या वऱ्हाडी कापसाला कधी नव्हे तो भाव आला. अर्जुनरावांच्या आज्याने जमिनी घेतल्या त्या तेव्हाच.

पाडव्याच्या चार दिवस आधी तुळशीरामने तोड काढली. वस्तीनेच हात वर करून ठरवावं. चूल एक, हात एक. मालक लगेच "हाव, कबूल" म्हणाले, आणि आम्ही खूश झालो. चूक आमचीच. आमच्याकडे आवतण, वर्गणी, गावजेवण सगळं चुलीवर मोजतात, म्हणून हातही चुलीवर मोजायचे ठरले. चूल म्हणजे तीन दगड, आणि दगड कोणालाही मांडता येतात, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मनकर्णाबाईच्या घरातही दोन तट होते.

रंगराव म्हणे, "नारळ नाई भेटला तं खाशीन काय? माती?"

"तुमी घ्या ना नारळ. मी खराटा नाई घेत."

"ते दोन्ही संगंच येते, मनकर्णे."

"अन् माह्या मागं तो रुख्मिणीच्या हाती येते, त्याचं काय?"

रुख्मिणी नऊ वर्षांची, नुकती शाळेत जाऊ लागलेली. पण चुलीचा हात पुरुषाचा, हे सगळ्यांनी न बोलता धरलेलं होतं.

पाडव्याला उजाडताच मनकर्णाबाई नाल्यावर घागर भरत होती. वळून पाहिलं आणि ती धूर मोजू लागली. काल बावीस होते. आज सदतीस. मालकाच्या दुसऱ्या गावच्या शेतावरचे पंधरा गडी गायरानाच्या कडेला तीन-तीन दगड मांडून बसले होते. दगडांत काड्या पेटलेल्या, वर रिकामी पातेली. खराट्यांची गाडी नाल्यात उभी. एका काठावर मालकाची माणसं काठ्या घेऊन, दुसऱ्या काठावर तुळशीरामची.

लोक जमले. मालक म्हणाले, "सदतीस चुली झाल्या. करा हात वर."

"थांबा मालक," मनकर्णाबाई म्हणाली. "राख पाहू द्या."

"कायची राख?"

"पाच महिने चूल पेटली तं राख कुठीतरी टाकली असंन ना? माह्या घरामागं ढीग हाये. याईचा दाखवा."

परक्यांतला एक म्हणाला, "आमी राख खातो, बाई."

"मंग तोंड उघडून दाखव!" जनकाबाई ओरडली.

मनकर्णाबाईने त्याचं पातेलं लाथेने उडवलं, पेटत्या काड्यांत हात घातला आणि खालची माती मूठभर उपसून वर धरली. मातीतून गवताची मुळं लोंबत होती.

"पाहा बे! चुलीखाली जितं गवत!"

काठावरच्या काठ्या उचलल्या गेल्या. तेवढ्यात त्या पंधरांतल्या एका म्हाताऱ्या गड्याने आपले तीन दगड पायाने विस्कटले. त्याच्याही घरी खराटा असणार. मग एकेक करत सगळे उठले.

राहिल्या बावीस चुली. खराटा नको म्हणणारे हात अकरा. बारावा हवा होता, आणि रंगरावने हात वर केला नव्हता. मालक त्याच्याकडे पाहत होते. तो बायकोच्या पोळलेल्या हाताकडे पाहत होता.

"मी चूल कधी पेटवली नाई," तो म्हणाला. "जिनं पेटवली, तिचा हात धरा."

तिने तोच हात वर केला. पुढची पहिली काठी कोणाची, यावर गाव अजून भांडतं. डोकी फुटली, मध्ये पडलेल्या मास्तरांचा खांदा मोडला, दुपारपर्यंत तुळशीरामच्या वाडीतलं एक वांग्याचं झाड उभं राहिलं नाही. पण गाडी नाल्यातूनच माघारी फिरली.

रंगरावला पुन्हा नारळ मिळाला नाही. दोघं तुळशीरामकडे रोजाने जातात. तो बाईला पुरुषाच्या निम्मी मजुरी देतो, म्हणून मनकर्णाबाई त्याच्याशीही भांडते. तिची दोन बोटं सरळ होत नाहीत. रुख्मिणी यंदा सातवीला आहे.

नाल्याच्या अल्याड मात्र दर पाडव्याला खराटे वाटले जातात. तुमच्याही गावात वाटत असतील. तेव्हा येत्या पाडव्याला ती गाडी निघाली की तिच्या आडवे उभे राहा. आणि गाडी तुमचीच असेल, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला कळवू नका. जी शेण उचलते तिच्या हातावर ठेवा, रोजच्या रोज, रोख.