पी.टी.च्या सरांच्या पायांचा साचा

घरात जेवणाचं टेबल आहे, हे काका आता पाहुण्यांना आठवणीवरून सांगत. टेबलावर बूट होते. एक नाही, दोन नाही, अकरा जोड. कुणाची टाच झिजलेली, कुणाचं नाक उसवलेलं, कुणाच्या जिभा बाहेर लोंबत असलेल्या. काका ताट मांडीवर घेऊन जेवत आणि मधूनच त्या बुटांकडे असं बघत, की जणू आपण भाडेकरू आणि बूट घरमालक.

काकांनी चौतीस वर्षं बस कंपनीत वेळापत्रकं बनवली होती. मावशी, म्हणजे त्यांची बायको, एकतीस वर्षं दातांच्या डॉक्टरांकडे कवळ्या बनवायची. माप घेण्यापासून घासून चकाकवण्यापर्यंत सगळं एकटीच करायची. निवृत्तीनंतर काकांनी घराचं वेळापत्रक केलं आणि चहाला चार दहाची वेळ दिली. मावशीने परदेशी गेलेल्या मुलाचे टाकून दिलेले बूट दुरुस्त केले. वेळापत्रक आठवडाभरात बुडालं. बुटांची कीर्ती मात्र गावभर झाली. जुने स्नीकर्स जिवापाड जपणारी पोरं दारात रांग लावू लागली आणि सगळ्यांची ती मावशी झाली.

मंगळवारी मात्र पोरगं आलं नाही. पी.टी.चे सर आले. छातीशी खोका, चेहरा असा की आत मांजर मेलंय.

"मावशी, हे बूट चोवीस वर्षांपूर्वी घेतले. एकदाही घातले नाहीत. शनिवारी माझा शाळेतला शेवटचा दिवस. पोरांना शब्द दिलाय, हे घालून मैदानाला एक फेरी मारीन म्हणून. काल घरात घालून बघितले."

"आणि?"

"तीन पावलं," सर म्हणाले आणि त्यांनी खोका उघडला.

वरचं कातडं ठीक होतं, पण खालचे सोल बिस्किटाच्या चुऱ्यासारखे झाले होते. काकांनी बोट लावलं तर बोटाला भुगा चिकटला.

"इतके जपले हो," सर म्हणाले.

"तेच चुकलं," मावशी म्हणाली. "हा फोम खोक्यात पडून राहिला की हवेतली ओल पीत बसतो आणि आतून कुजतो. वापरले असते तर जास्त टिकले असते."

सर खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. काकांनी चहा केला. चार दहाला अजून पाऊण तास होता, पण प्रसंगच तसा होता.

त्याच जातीचा, पण नव्याने निघालेला एक जोड मावशीकडे होता. कुत्र्याने वरचा भाग खाल्ला म्हणून कुणीतरी देऊन टाकला होता. सोल धडधाकट होते. ते काढून सरांच्या बुटांना लावायचे असं ठरलं.

"पांढरे शुभ्र करा हं," सर म्हणाले.

"अजिबात नाही. चोवीस वर्षांच्या बुटाला पांढरा फटक सोल म्हणजे सत्तरीच्या माणसाला विशीची कवळी. बूट हसला की लोक दुसरीकडे बघतील."

तिने कपाटातून दातांच्या रंगांची पट्टी काढली आणि तिच्यावरचा एकेक नमुन्याचा दात कातड्याला लावून बघू लागली. मग सात वाट्यांत रंग कालवले. काकांना सातही पांढरेच दिसले.

"हा चहा पिणाऱ्याचा पांढरा," ती वाट्या दाखवत म्हणाली. "हा सिगारेट सोडलेल्याचा. हा जन्मभर डावीकडूनच चावणाऱ्याचा."

"आणि सरांचा?"

"चहावाला, पण थोडा दमलेला."

तिने तो सोलवर लावला, आणि काकांच्या डोळ्यांदेखत नवा सोल चोवीस वर्षं जगून आला.  इतकी वर्षं ही बाई रोज डबा घेऊन कामावर जायची आणि संध्याकाळी "कसा गेला दिवस?" विचारलं तर "गेला" म्हणायची. त्या 'गेला'च्या आत हे सगळं होतं तर.

कातडं पडून पडून आखडलं होतं. ते ताणायला पायाचा साचा हवा. बुधवारी मावशीने कवळीच्या मापाची गुलाबी पावडर पाण्यात कालवून पसरट डब्यांत ओतली, सरांना खुर्चीत बसवलं, पाय धरले आणि सवयीने म्हणाली, "आ करा."

सरांनी आ केला.

मापात प्लॅस्टर ओतून दोन पांढरे पाय तयार झाले. गुरुवारी सर चौकशीला आले. बूट वाफेवर मऊ होत होते. मावशीने सरांना मैदानाच्या धुळीने भरलेले पाय धुवायला पाठवलं. ते ओल्या पायांनी फरशीवरून आले आणि मागे ठसे उमटले. काकांना बसमार्गांचे नकाशे एकावर एक ठेवून जुळवायची जुनी खोड. त्यांनी प्लॅस्टरचा पाय उचलून एका ठशावर ठेवला.

"अगं, इकडे ये जरा. सरांचा पाय साच्याबाहेर येतोय."

खरंच, ठसा साच्यापेक्षा बोटभर रुंद होता. मावशी गुडघ्यांवर बसून बघत राहिली. तिचे कान लाल झाले.

"एकतीस वर्षं मापं घेतली मी," ती हळूच म्हणाली, "पण दातांवर कुणी उभं राहत नाही हो. याच मापाने केले असते तर शनिवारी दहाव्या पावलाला शिवण उसवली असती."

सरांना उभं केलं, अख्खं वजन गुलाबी लगद्यावर टाकायला लावलं. रात्रभर कातडं नव्या साच्यावर ताणलं. शुक्रवारी सोल चिकटवायचं सोल्यूशन लावायचं होतं. ते दोन्हीकडे लावून सुकू द्यायचं आणि मग एकदाच टेकवायचं. टेकलं की परत हलत नाही. काकांनी घड्याळ हातात घेतलं. "तेरा मिनिटं. चौदा. पंधरा." मावशीने श्वास रोखला आणि बूट सोलवर उतरवला. कड कडेला अशी भिडली की काकांना फट शोधूनही सापडली नाही.

शनिवारी दोघं मैदानाच्या कडेला उभे होते. सर धावायला लागले. पोरं ओरडत होती, पण मावशी सरांच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. ती पावलांकडे बघत पुटपुटत होती, "टाच... चवडा... टाच..." काका तिच्याकडे बघत होते.

फेरी संपली. सर थांबले नाहीत. दुसरी फेरी मारली, तीही पूर्ण. मग धापा टाकत थेट मावशीपुढे येऊन उभे राहिले, काकांच्या खांद्याचा आधार घेतला आणि एक पाय मागे वर केला. अख्खा वर्ग भोवती गोळा झाला. मावशीने अंगठ्याचं नख कडेने फिरवलं, टाचेपासून चवड्यापर्यंत, सावकाश. 

"बसलाय," ती म्हणाली. "आता दुसरा दाखवा."