तिघंही सेटल

बाळांनो, परवा व्हिडिओवर तुमच्यातल्या मोठीने विचारलं, "पुण्याची आजी, डिडन्ट यू वॉन्ट टू लिव्ह विथ अस?" मी नेटवर्कचं निमित्त करून विषय बदलला. पण ती आता युनीला, म्हणजे युनिव्हर्सिटीला, जाणार. तिला खरं उत्तर मिळायला हवं.

तुमचा बाबा वॉलॉंगॉंगला शिकायला गेला तेव्हा आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरातून कोणीतरी ऑस्ट्रेलियाला निघालेलं असायचं. पुढे त्याला पीआर, म्हणजे तिकडे कायम राहायची परवानगी, मिळाली, लग्न झालं, मोठीचा जन्म झाला. तुमचे आजोबा गेल्यावर मी व्हिजिटर व्हिसावर तिकडे आले. बाबा म्हणाला, "आई, आता परत जायचं नाही. मी तुला स्पॉन्सर करतो." तुमची आईही तिच्या आईला, म्हणजे आमच्या नागपूरच्या विहीणबाईंना, स्पॉन्सर करणार होती. त्याही तेव्हा तिकडेच आल्या होत्या. आम्ही दोघी हॅरिस पार्कला व्हिसाच्या एजंटकडे गेलो. मिठाईच्या दुकानावरच त्याचं ऑफिस होतं.

"मुलं किती?" त्याने विचारलं.

"एकच मुलगी," विहीणबाई म्हणाल्या. मला त्यांची जरा कीवच आली.

मी इंग्रजीची शिक्षिका. ताठ बसून म्हणाले, "थ्री. ऑल वेल सेटल्ड."

"सेटल्ड व्हेअर, आंटी?"

"एक इथे, दोघं पुण्यात. दोघांचेही स्वतःचे फ्लॅट आहेत."

त्याने पेन खाली ठेवलं. "आईला स्पॉन्सर करायचं तर नियम आहे, तिची निदान अर्धी मुलं ऑस्ट्रेलियात हवीत, आंटी. यहाँ सेटल का मतलब, यहाँ सेटल."

परतीच्या ट्रेनमध्ये विहीणबाईंनी पेढ्यांचा खोका उघडला. "घ्या ना हो. तुमची तिघं सेटल झाली म्हणून तुम्ही अडकल्या. माझी एकच, म्हणून मी सुटली!"

त्या मनापासून हसत होत्या. मी गोड खात नाही, असं सांगितलं. ते खोटं होतं. त्या क्षणी मला पुण्यातल्या माझ्या दोन्ही मुलांचा राग आला होता, तिथे सुखाने राहिल्याबद्दल.

व्हिसा संपला तशी मी परतले. विहीणबाईंची पीआर आली आणि त्या तुमच्याकडे राहिल्या. धाकट्याची पहिली अंघोळ त्यांनी घातली. त्या तुमच्या नुसत्या 'आजी' झाल्या, मी 'पुण्याची आजी'. तुम्ही 'का' म्हणायचं सोडून 'काहून' म्हणायला लागलात. मी फोनवर सुधारायला गेले की मागून त्यांचा आवाज यायचा, "राहू द्या ना विहीणबाई, समजते ना!" समजतं. पण तो शब्द आजही माझ्या कानाला टोचतो.

तेव्हा उत्तर असं, की मला राहायचं होतं. फार राहायचं होतं.

त्या मुक्कामात मी मोठीला दाराशी बूट ठेवायला शिकवलं होतं, जोडीने, टाचा भिंतीला लावून. धाकट्याला तिनेच शिकवलं असणार. व्हिडिओवर तुमचं दार दिसलं की मी आधी तिकडे बघते. विहीणबाईंची एक चप्पल इकडे, एक तिकडे. तुमचे बूट अजून जोडीने असतात, टाचा भिंतीला लावून.