दोन बाटल्या रस आणि कोरी भाकर

जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या ऐक्यावर आणि वाढीवर परिषद आहे, हे ऐकून मला आधी हसूच आलं. आमच्या आर्वीच्या अंगणात दोन जावांचं ऐक्य होईना, तिथे जिल्ह्याचं काय घेऊन बसलात! आमची मंडळी फुटली तेव्हा धाकटी जाऊ शालू टाळ्या वाजवून गाणाऱ्या नव्या मंडळीकडे गेली आणि मी जुन्या, शांत उपासनेत राहिले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तिची लेक शेरॉन माझ्या मांडीवर वाढली, तिचं लग्न तोंडावर आलं होतं आणि एकाच अंगणात राहून मला आवतन नव्हतं. परिषदेला निघाले ती श्रद्धेनं कमी आणि घरात जीव रमत नव्हता म्हणून जास्त. प्रार्थनेत एवढंच म्हणाले, प्रभू, मला तर काही सुचत नाही, तूच बघ.

परिषद बोरगाव मेघेला होती. शेवटच्या दिवशीच्या प्रभुभोजनाची तयारी, म्हणजे पाव आणि द्राक्षांचा रस, आर्वीच्या दोन्ही मंडळ्यांनी मिळून आणावी, आपसात ठरवून घ्यावं, असा निरोप पाळकसाहेबांनी आधीच दिला होता. आपसात बोलेल कोण? आमच्याकडे रस करायचा मान मोठा. मनुका भिजवायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या आणि सासूबाईंनी शिकवल्याप्रमाणे दोन लवंगा टाकायच्या. मी रस केला. पाव काय, कोणीही आणेल, असं धरून चालले. एकाच एसटीत शालू पुढे बसली होती, मी मागे, आणि दोघींच्या मांडीवर पिशवी होती.

परिषद मात्र मनाला भिडली. एक वयस्क पाळक म्हणाले की मंडळी खुर्च्या वाढल्यानं वाढत नाही, रुसलेलं माणूस परत आलं की वाढते. मी मान खाली घातली. पुढच्या ओळीतल्या शालूनं पदर डोळ्यांना लावला, तेही मला दिसलं.

मग प्रभुभोजनाची वेळ आली. पाळकसाहेबांनी मेजावरचं पांढरं कापड उचललं, तर खाली रसाच्या दोन बाटल्या, एक माझी, एक शालूची, आणि पावाची थाळी रिकामी. सगळा मंडप थाळीकडे बघत होता आणि आम्ही दोघी जमिनीकडे. कोणीतरी बेकरीकडे धावायला उठलं. इतक्यात कारंज्याकडच्या जंगलपट्ट्यातून आलेली एक बाई उभी राहिली. तिला आम्ही कोणी ओळखत नव्हतो. हातात वाटेसाठी बांधून आणलेला डबा होता.

"साहेब, भाकर हाय माह्याजवळ. जवारीची हाय, चालन का? वरच्या भाकरीले ठेचा लागला, खालची कोरी हाय."

मंडपात हसू पसरलं आणि त्या हसण्यानं माझ्या छातीवरचा दगडच उतरला. पाळकसाहेबांनी दोन्ही हातांनी भाकर घेतली, आभार मानून मोडली. दोन्ही बाटल्या एकाच भांड्यात ओतल्या. घोट घेतला, तर तीच लवंग. माझा रस कुठला, शालूचा कुठला, मलाही सांगता आलं नसतं.

थाळी हातोहात येत होती. ती शालूकडे आली तेव्हा तिनं तुकडा घेतला आणि मागे वळली. मधल्या लोकांना ओलांडून तिनं थाळी माझ्यापुढे धरली. मी तुकडा घेतला. मी रडले, लपवलं नाही.

परतीच्या एसटीत आम्ही एका बाकावर बसलो. पुलगाव मागे पडलं. मग शालूच खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाई, शेरॉनले पहिली हळद तुमीच लावजा. ते तं रोज मले पुसते, मोठी आई काऊन येत नाई म्हणून."

मी तिचा हात धरला, तो आर्वीपर्यंत सोडला नाही. एवढे दिवस तिच्याशी काय बोलावं, याचे शब्द मी जुळवत होते. प्रभूनं माझा एकही शब्द वापरला नाही. आम्ही रिकामी ठेवलेली थाळी त्यानं एका अनोळखी बाईच्या डब्यातून भरली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं, पण माझ्या प्रार्थनेत ती रोज असते. हळदीच्या दिवशी जेवणाला मी मुद्दाम ज्वारीच्या भाकरी थापल्या, आणि पहिली कोरी भाकर शालूनं मोडली.