कॉलरच्या आतलं नाव

माझ्या धाकट्या बहिणीला शाळेत साधी सरळ रेघ मारता यायची नाही. चित्रकलेची बक्षिसं मी आणायचे. पुढे मी ग्राफिक डिझाइनला गेले आणि ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात मशीनवर बसली. चेन बदल, पँट आखूड कर, उसवलेली बाही जोड. तरी आईच्या तोंडी सदा एकच, "धाकटीचा हात बघा!" माझे हात जणू खुंटीला टांगलेले.

शेवटच्या वर्षाला मी पोस्टरची मालिका करायला घेतली. एकीकडे ब्रिटनमधली पंक पोरं, मुद्दाम फाडलेल्या कपड्यांवर सेफ्टी पिना लावून हिंडणारी. दुसरीकडे जपानमधल्या मोटरसायकलवाल्या टोळ्या, पाठीवर सोनेरी अक्षरं भरलेले पायघोळ कोट घालणाऱ्या. दोन्हींतून एक कोट करायचा आणि त्याचे फोटो पोस्टरवर घ्यायचे. चार महिने डोकं खाजवून कोट बेतला आणि भरतकामाला धाकटीकडे नेला.

तिनं तो मांडीवर घेतला, पाठीवरच्या भोकात बोट घातलं.

"ताई, हे कापलंय. फाटलेलं नाहीये."

"तेच ते."

"तेच कसं? कपडा ताण बसतो तिथे फाटतो. कोपरावर, खिशाच्या तोंडाशी." मग माझा कागद उलटसुलट करून म्हणाली, "आणि ही जपानी अक्षरं काय म्हणतात?"

मला कुठे वाचता येत होती! दिसायला झोकदार म्हणून उचलली होती.

"त्यापेक्षा आमच्या दुकानाची पाटी लिही," ती हसत सुटली. "दुरुस्ती करून मिळेल!"

मीही हसले आणि पुढच्याच क्षणी थांबले. फाटक्या कोटाच्या पाठीवर, सोनेरी दोऱ्यात, दुरुस्ती करून मिळेल. चार महिने मी जे शोधत होते ते हिनं सुईत दोरा ओवता ओवता सांगून टाकलं होतं. माझा नुसता जळफळाट झाला.

"प्रदर्शनात नाव माझं एकटीचं असेल," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. भांडली असती तर मला हलकं वाटलं असतं. तिनं कोट नव्यानं शिवला, कोपरावर खरी फाट ठेवली आणि पाठीवर तेच शब्द भरले.

प्रदर्शनात परीक्षक बाई माझी पोस्टरं भराभर बघून कोटापाशी थांबल्या. शेजारच्या कार्डावर माझं एकटीचं नाव होतं. कोपरावरची फाट त्यांनी हळूच चाचपली.

"सगळं तुमचंच?"

"हो."

त्यांनी कॉलर उलटली. आत पांढऱ्या पट्टीवर लाल दोऱ्यानं दोनच अक्षरं होती, 'ताई'. कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून धाकटी दुकानात प्रत्येक गिऱ्हाईकाचं नाव असं आत टाकते. सवयीनं इथेही टाकलं होतं.

"ताई कोण?"

"मीच. घरी मला ताई म्हणतात."

"कोण म्हणतं?"

बाईंनी सहज विचारलं असेल. माझे मात्र कान तापले. आपणच आपल्याला ताई कोण म्हणतं?

"धाकटी बहीण," मी म्हणाले. "तिनंच शिवलाय. पाठीवरचे शब्दही तिचेच."

बाईंनी पेन पुढे केलं. मी कार्डावर तिचं नाव लिहिलं, माझ्या नावाच्या खाली. वर भरपूर जागा होती.